किट लेन्सच्या पुढे: हौशी छायाचित्रकारासाठी नव्या कॅमेऱ्याची आणि लेन्सची निवड

डीएसएलआर कॅमेरा आणि त्यासोबत आलेली १८-५५ मिलिमीटरची लेन्स (किट लेन्स) घेऊन इंदूरमधल्या अनेकांनी छायाचित्रणाची हौस सुरू केली. राजवाडा, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, पाताळपाणीचा धबधबा, घरातली लग्नकार्ये आणि गणेशोत्सव हे सगळे त्या एका लेन्सने टिपून झाल्यावर, दोन-चार वर्षांनी, छायाचित्रे एका ठरावीक पातळीवर अडकल्यासारखी वाटू लागतात आणि नव्या कॅमेऱ्याचे विचार मनात घोळू लागतात. हा लेख अशा टप्प्यावरच्या हौशी माणसासाठी आहे. माझे ठाम मत असे आहे की ही खरेदी दुकानापासून किंवा जाहिरातीपासून सुरू न करता आपल्याच जुन्या छायाचित्रांपासून सुरू करावी, कारण आपण नेमके कुठे अडतो आहोत हे त्यांच्याइतके स्पष्ट दुसरे कोणीही सांगू शकत नाही.

आधी जुनी छायाचित्रे तपासावीत

प्रत्येक डिजिटल छायाचित्राच्या फाइलमध्ये ते कोणत्या फोकल लेंग्थवर (लेन्स किती दूरचे जवळ आणते तो मिलिमीटरमधला आकडा), किती शटर स्पीडने (प्रकाश किती वेळ आत येतो), कोणत्या अपर्चरवर (लेन्सचे तोंड किती उघडे आहे; एफचा आकडा जितका लहान तितके ते मोठे) आणि किती आयएसओवर (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) काढले याची नोंद असते. गेल्या वर्षभरातली छायाचित्रे संगणकावर एका ठिकाणी घ्यावीत आणि लाइटरूम किंवा मोफत मिळणारे डिजीकॅम यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ती या नोंदींनुसार चाळून पाहावीत. त्यांचे दोन गट करावेत. आपल्याला मनापासून आवडलेली छायाचित्रे एका गटात आणि जी चांगली व्हायला हवी होती पण बिघडली, ती दुसऱ्या गटात ठेवावीत.

पहिल्या गटात फोकल लेंग्थ पाहावी. बहुतेक छायाचित्रे ५५ मिलिमीटरवर, म्हणजे झूम पूर्ण ताणून काढलेली असतील, तर आपली नजर दूरच्या गोष्टींकडे जाते आहे आणि लेन्स तिथवर पोचत नाही, असा अर्थ निघतो. बहुतेक १८ मिलिमीटरवर असतील तर वाइड लेन्सचा विचार करता येतो, मात्र तिथे थोडी सावधगिरी हवी. राजवाड्याचे सातही मजले, खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी, जवळून एका चौकटीत मावत नाहीत हे खरे. पण समोरच्या बागेच्या दिशेने काही पावले मागे सरकल्यावर ते मावतात आणि इमारत वरच्या बाजूला निमुळती झाल्यासारखीही कमी दिसते. पायांनी सुटणाऱ्या अडचणीसाठी लेन्स विकत घेण्याचे कारण नाही.

दुसऱ्या गटाला अधिक वेळ द्यावा, कारण खरेदीचा खरा निर्णय तिथेच होतो. छायाचित्र अस्पष्ट आले एवढ्यावर न थांबता ते कशामुळे अस्पष्ट आले हे पूर्ण आकारात मोठे करून पाहावे. चौकटीतली प्रत्येक वस्तू एकाच दिशेने ओढल्यासारखी दिसत असेल तर हात हलला आहे. भिंत, टेबल, पाटी या स्थिर गोष्टी रेखीव असून फक्त माणूस किंवा पक्षी पुसट असेल तर शटर स्पीड त्या हालचालीला पुरा पडलेला नाही. मुख्य विषय पुसट असून त्याच्या पुढचे किंवा मागचे काहीतरी स्पष्ट असेल तर फोकस चुकला आहे. सगळे जागच्या जागी असूनही चित्र रवाळ दिसत असेल आणि रंग मळके झाले असतील तर प्रकाश कमी पडल्यामुळे आयएसओ फार वर गेला आहे.

या चार दोषांवर चार वेगळे उपाय आहेत. हात हलण्यावर इमेज स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी यंत्रणा) किंवा ट्रायपॉड उपयोगी पडतो; विषयाच्या हालचालीवर स्टॅबिलायझेशनचा काडीचाही उपयोग होत नाही, तिथे जास्त प्रकाश आत घेणारी लेन्स लागते; फोकस वारंवार चुकत असेल तर आधी फोकस पॉइंट स्वतः निवडण्याची सवय लावावी आणि तरीही धावत्या-उडत्या विषयावर फोकस टिकत नसेल तरच नव्या बॉडीचा, म्हणजे लेन्सविना कॅमेऱ्याचा, विचार करावा; आणि रवाळपणा हा पुष्कळदा सेन्सरच्या दोषापेक्षा लेन्सच्या लहान अपर्चरचाच परिणाम असतो.

एक हिशेब मांडून पाहू

इंदूरच्या सराफ्यात रात्री सोन्याचांदीची दुकाने बंद झाल्यावर खाण्याच्या गाड्या लागतात. तिथे दह्याने भरलेला द्रोण हवेत उडवून पुन्हा हातात झेलणारा दहीवडेवाला कॅमेरा घेऊन आलेल्या प्रत्येकाला टिपावासा वाटतो. द्रोण हवेत असतानाच गोठवायचा तर शटर स्पीड किमान १/५०० सेकंद हवा. समजा, तिथल्या दिव्याच्या प्रकाशात एफ/२.८ अपर्चरला १/१२५ सेकंद आणि आयएसओ ३२०० असे एक्स्पोजर येते. शटर १/५०० केला की प्रकाश चौथा हिस्सा उरतो, म्हणून आयएसओ १२८०० करावा लागेल. किट लेन्स पूर्ण झूम केल्यावर एफ/५.६ वर येते, म्हणजे आणखी चौथा हिस्सा प्रकाश, आणि आयएसओ थेट ५१२०० वर जाईल. त्याच जागी एफ/१.८ ची प्राइम लेन्स (झूम नसलेली, एकाच फोकल लेंग्थची लेन्स) लावली तर आयएसओ ५००० च्या आसपास पुरतो.

५१२०० आणि ५००० यांत जवळजवळ दहापट प्रकाशाचे अंतर आहे. एपीएस-सी या लहान सेन्सरवरून फुल फ्रेम या मोठ्या सेन्सरवर गेल्यास साधारण एक स्टॉपचा, म्हणजे दुपटीचा फायदा मिळतो. जुनी बॉडी ठेवून घेतलेली एक साधी प्राइम लेन्स या प्रसंगी नवी महागडी बॉडी आणि किट लेन्स या जोडीला सहज मागे टाकते, आणि म्हणूनच अडचण अंधाराची असेल तर आधी लेन्स घ्यावी असे मी आग्रहाने सांगतो. मोठ्या अपर्चरला फोकसची खोली कमी होते, ही तिची किंमत आहे. द्रोण स्पष्ट आला तर मागचा चेहरा थोडा पुसट होईल हे लक्षात घेऊन उभे राहण्याची जागा निवडावी.

बॉडी बदलणे खरोखर आवश्यक ठरते अशी ठिकाणेही आहेत. सिरपूर तलावावर पहाटे पाण्यावरून उठणाऱ्या पक्ष्यांचा माग काढताना जुन्या, मोजके फोकस पॉइंट असलेल्या डीएसएलआरची दमछाक होते, तर आजचे मिररलेस (आत आरसा नसलेले) कॅमेरे पक्ष्याचा डोळा ओळखून चौकटीच्या कडेपर्यंत फोकस धरून ठेवतात. हा फरक कोणत्याही लेन्सने भरून निघत नाही. लहान मुलांचे खेळ आणि नृत्याचे कार्यक्रम यांनाही हेच लागू आहे. केवळ जास्त मेगापिक्सेल हवेत म्हणून बॉडी बदलण्यात मात्र मला अर्थ दिसत नाही. २४ मेगापिक्सेलचे, म्हणजे ६००० गुणिले ४००० पिक्सेलचे छायाचित्र ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापले तरी २० इंच रुंद होते, आणि घरातल्या भिंतीवर लावायला एवढे पुष्कळ झाले.

माउंटचा निर्णय पुढच्या अनेक वर्षांचा असतो

बॉडी काही वर्षांनी बदलते, पण लेन्सचा संच साठत जातो, म्हणून कॅमेऱ्याचे मॉडेल निवडताना आपण खरे तर लेन्सचा माउंट (लेन्स बॉडीला जोडणारी कडी) निवडत असतो. सोनीचा ई माउंट २०१० मध्ये आणि फुजीफिल्मचा एक्स माउंट २०१२ मध्ये आला. कॅनन आरएफ आणि निकॉन झेड हे दोन्ही २०१८ चे आहेत. कॅनन आणि निकॉन यांचा नव्या लेन्सवरचा भर आता या मिररलेस माउंटवर आहे, त्यामुळे आज नव्याने डीएसएलआर घेण्याचा सल्ला मी देणार नाही. हाती आधीच डीएसएलआर असेल आणि फक्त एक-दोन लेन्स वाढवायच्या असतील, तर त्याच माउंटच्या जुन्या लेन्स वापरलेल्या बाजारात स्वस्तात मिळतात आणि तो मार्ग अगदी शहाणपणाचा आहे.

जुन्या लेन्स नव्या बॉडीवर चालवायच्या असतील तर अडॅप्टरचे तपशील आधीच पाहावेत. कॅननच्या डीएसएलआरसाठीच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स अडॅप्टरने आरएफ बॉडीवर ऑटोफोकससह चालतात. ईएफ-एस लेन्स फुल फ्रेम बॉडीवर लावल्यास सेन्सरचा फक्त मधला भाग वापरला जातो. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरवर एएफ-एस लेन्सचा ऑटोफोकस चालतो, पण लेन्समध्ये स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या एएफ आणि एएफ-डी लेन्स हातानेच फोकस कराव्या लागतात. वडिलांच्या किंवा काकांच्या फिल्म कॅमेऱ्याबरोबरची ५० मिलिमीटरची लेन्स जपून ठेवणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

सेन्सरच्या आकाराबद्दल थोडक्यात सांगायचे तर फुल फ्रेम ३६ गुणिले २४ मिलिमीटरचा असतो, एपीएस-सी साधारण २३.५ गुणिले १५.६ चा आणि मायक्रो फोर थर्ड्स १७.३ गुणिले १३ चा. सेन्सर मोठा झाला की अंधारातले चित्र सुधारते, परंतु लेन्सचे वजन, आकार आणि किंमत यांची वाढ त्याहून जोरात होते. पक्षिनिरीक्षकाला तर लहान सेन्सरचा फायदाच होतो, कारण ४०० मिलिमीटरची लेन्स एपीएस-सीवर ६०० मिलिमीटरइतका जवळचा दृष्टिक्षेप देते. हौसेसाठी, विशेषतः कॅमेरा दिवसभर खांद्यावर बाळगणाऱ्यासाठी, एपीएस-सी हा मला सर्वांत समतोल पर्याय वाटतो.

कोणत्या विषयाला कोणती लेन्स

रस्ता, बाजार, खाद्यपदार्थ आणि घरातली माणसे हा विषय असेल तर एपीएस-सीवर ३५ मिलिमीटर एफ/१.८ किंवा तिच्या जवळपासची प्राइम लेन्स घ्यावी. तिचा दृष्टिक्षेप फुल फ्रेमवरच्या ५० मिलिमीटरसारखा असतो, ती लहान असल्याने समोरचा माणूस बुजत नाही, आणि झूम नसल्यामुळे काही आठवड्यांतच कुठे उभे राहायचे याचा अंदाज पक्का होतो.

मुंज, लग्न, गणपतीची आरती अशा प्रसंगी मात्र भरल्या घरात मागे-पुढे सरकता येत नाही, तिथे एफ/२.८ स्थिर ठेवणारी झूम लेन्स अधिक कामाची. सिग्माची १८-५० मिलिमीटर एफ/२.८ सुमारे २९० ग्रॅमची आहे आणि ई, एक्स, एल व आरएफ माउंटमध्ये मिळते. टॅमरॉनची १७-७० मिलिमीटर एफ/२.८ आकाराने मोठी असली तरी तिचा पल्ला लांब आहे. किट लेन्सच्या जागी एकच लेन्स बसवायची असेल तर मी या जातीची लेन्स सुचवीन.

पक्ष्यांसाठी ४०० मिलिमीटरच्या खाली समाधान होत नाही. सिरपूर आणि यशवंत सागर या दोन्ही पाणथळ जागा २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आल्या, आणि यशवंत सागरच्या परिसरात सारस क्रौंच दिसतात. सारस माणसापेक्षा फार लहान नसतो, तरी त्याच्यापासून अंतर राखणे हे आपले कर्तव्य आहे, आणि लांब लेन्सचे खरे प्रयोजन तेच आहे. या वर्गातही वजनाचा विचार आधी करावा. कॅननची आरएफ १००-४०० मिलिमीटर एफ/५.६-८ ही ६३५ ग्रॅमची लेन्स गळ्यात अडकवून तलावाला चक्कर मारता येते. ६०० मिलिमीटरपर्यंत जाणाऱ्या बहुतेक झूम लेन्स दोन किलोच्या घरात जातात आणि त्यांना मोनोपॉडचा आधार लागतो. उडत्या पक्ष्याला १/२००० सेकंदाच्या आसपास शटर हवा, म्हणून एफ/८ ची हलकी लेन्स घेणाऱ्याने सूर्य थोडा वर आल्यावरच उडत्या पक्ष्यांची अपेक्षा धरावी.

रंगपंचमीच्या गेरबद्दल, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीबद्दल, वेगळे सांगायला हवे, कारण राजवाड्याच्या परिसरात पाण्याचे फवारे आणि गुलालाचे ढग एकाच वेळी अंगावर येतात. वेदर सीलिंग (पाणी आणि धूळ अडवणारी बांधणी) असलेली बॉडी आणि लेन्स उपयोगी आहे, पण सीलिंग असूनही पाणी शिरल्यास साधारणपणे वॉरंटी लागू होत नाही. झूम करताना नळी बाहेर येणारी लेन्स हवा आत ओढते आणि हवेबरोबर गुलालाची बारीक पूडही आत जाते. तिथे प्राइम लेन्स किंवा नळी आतल्या आत सरकणारी झूम लेन्स घरीच लावून न्यावी, वरून रेनकव्हर घालून लेन्सभोवतीची फट टेपने बंद करावी आणि गर्दीत असताना लेन्स अजिबात बदलू नये.

ट्रायपॉडला मी लेन्सइतकाच मान देतो. एकोणिसाव्या शतकातले छायाचित्रकार लाला दीनदयाळ इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला असताना छायाचित्रणाकडे वळले, आणि मध्य भारतातल्या वास्तूंची त्यांनी काचेच्या मोठ्या प्लेटवर घेतलेली छायाचित्रे आजही दगडाच्या कोरीवकामापर्यंत रेखीव दिसतात. त्यांचा जड कॅमेरा स्टँडवर स्थिर उभा असे. संध्याकाळी कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवर दिवे लागल्यावर आपल्याला हवी असलेली स्पष्टता १०० आयएसओ, एफ/८ आणि काही सेकंदांचे एक्स्पोजर यांतून मिळते, आणि ते चांगल्या ट्रायपॉडवर दहा वर्षांपूर्वीच्या कॅमेऱ्यानेही साधते.

पैशांची वाटणी आणि दुकानातली पारख

ठरवलेल्या रकमेतून सर्वांत आधी बारीकसारीक गोष्टींचे पैसे बाजूला काढावेत. मिररलेस कॅमेऱ्याची बॅटरी डीएसएलआरपेक्षा लवकर संपते, म्हणून एक जादा बॅटरी लागतेच. कार्ड किमान व्ही३० दर्जाचे, म्हणजे सेकंदाला ३० एमबी सलग लिहिण्याची हमी देणारे, विश्वासू विक्रेत्याकडून घ्यावे. रॉ फाइली (सेन्सरने टिपलेली, प्रक्रिया न केलेली मूळ माहिती) साठवण्यासाठी दोन हार्ड डिस्क हव्यात, म्हणजे एक निकामी झाली तरी दुसरीवर प्रत राहते. उरलेल्या रकमेचा मोठा वाटा लेन्सला द्यावा. शून्य व्याजाच्या हप्त्यांमध्ये प्रक्रिया शुल्क किती आहे आणि रोख खरेदीवरची सूट त्यामुळे जाते का, हे लेखी विचारून घ्यावे.

शक्य असल्यास मनात असलेली जोडी दोन दिवस भाड्याने घेऊन पाहावी. दुकानात जाताना स्वतःचे कार्ड न्यावे आणि विक्रेत्याच्या परवानगीने त्यावर छायाचित्रे घेऊन घरी मोठ्या पडद्यावर तपासावीत. करंगळी ग्रिपवर मावते का, चष्मा लावून व्ह्यूफाइंडरची पूर्ण चौकट दिसते का, आयएसओ बदलायला नजर हटवावी लागते का, या गोष्टी माहितीपत्रकातून कळत नाहीत. दुकानाच्या सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात फोकस करून पाहावा.

बिलावर जीएसटी, मॉडेलचे पूर्ण नाव आणि बॉडी व लेन्स दोन्हींचे क्रमांक असावेत आणि ते वस्तूवरच्या क्रमांकांशी जागेवरच ताडून पाहावेत. बिलाशिवाय स्वस्त मिळणारा ग्रे मार्केटचा माल कंपनीच्या भारतातल्या वॉरंटीत सहसा येत नाही, आणि एकाच दुरुस्तीत ती बचत संपू शकते.

वापरलेली लेन्स घेताना तिच्या मागून मोबाइलचा टॉर्च मारून पुढून आत पाहावे. धुळीचे चार-दोन कण निरुपद्रवी असतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू किंवा धुरकट पट्टा दिसला तर ती बुरशी आहे आणि अशी लेन्स कितीही स्वस्त असली तरी नाकारावी. अपर्चरची पाती तेलकट नाहीत, झूमची नळी खाली धरल्यावर आपोआप घसरत नाही आणि माउंटचे स्क्रू उघडल्याच्या खुणा नाहीत, हे पाहावे. बॉडीच्या बाबतीत शटर किती वेळा उडाला आहे ते विचारावे. निकॉनच्या फाइलमध्ये हा आकडा नोंदलेला असतो. कॅननच्या बहुतेक मॉडेलमध्ये तो फाइलमध्ये सापडत नाही. प्राथमिक श्रेणीच्या बॉडीचा शटर साधारण एक लाख वेळा उडण्यासाठी बनवलेला धरला जातो.

घरी आणल्यावरचा पहिला आठवडा

बदलून देण्याची मुदत संपण्याआधी दोन चाचण्या कराव्यात. वर्तमानपत्राची चार पाने भिंतीवर सपाट चिकटवावीत, कॅमेरा ट्रायपॉडवर भिंतीला अगदी समांतर लावावा आणि सर्वांत मोठ्या अपर्चरला, झूम लेन्स असल्यास तिच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये, दोन सेकंदांच्या टायमरने छायाचित्रे घ्यावीत. चारही कोपऱ्यांतली बारीक अक्षरे मध्यभागापेक्षा थोडी मऊ असणे स्वाभाविक आहे. एकच कोपरा किंवा एकच बाजू इतरांपेक्षा ठळकपणे पुसट असेल तर कॅमेरा पुन्हा नीट लावून चाचणी परत करावी. तोच कोपरा पुन्हा पुसट आला तर आतली काच सरकलेली असण्याची दाट शक्यता असते आणि लेन्स बदलून मागावी. दुसरी चाचणी सेन्सरवरच्या डागांची. एफ/१६ ला निरभ्र आकाशाचे, फोकस मुद्दाम चुकवून, छायाचित्र घ्यावे आणि त्यात करडे ठिपके दिसतात का ते पाहावे.

त्यानंतर फर्मवेअर (कॅमेऱ्यातले सॉफ्टवेअर) अद्ययावत करावे, रॉ आणि जेपेग दोन्ही साठवण्याचा पर्याय निवडावा आणि ऑटो आयएसओमध्ये किमान शटर स्पीड माणसांसाठी १/२५० च्या आसपास बांधून टाकावा. या एका सेटिंगने घरगुती कार्यक्रमांतली पुष्कळ छायाचित्रे वाचतात, कारण थोडे रवाळ चित्र सुधारता येते, हललेले येत नाही. नव्या कॅमेऱ्याची पहिली कसोटी घरच्या लग्नात कधीही घेऊ नये. आधी दोन-तीन रविवार ओळखीच्या जागी फिरून बटणे बोटांच्या सवयीची करावीत.

जुनी बॉडी लगेच विकू नये. तिच्यावर जुनी लेन्स आणि नव्यावर नवी लेन्स असे दोन कॅमेरे महत्त्वाच्या कार्याला नेता येतात आणि एक अडला तर दुसरा हाताशी राहतो. विकायचेच ठरले तर पावसाळ्याआधी विकावे. माळव्यात जून अखेरपासून सप्टेंबरपर्यंत हवेतला ओलावा चढा राहतो आणि कपाटात चामडी पिशवीत बंद पडलेल्या लेन्सला बुरशी धरायला तेवढा काळ पुरतो. जी लेन्स ठेवायची आहे ती घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेल आणि स्वस्तातला आर्द्रतामापक ठेवून जपावी, आकडा ४० ते ५० टक्क्यांत राखावा, आणि जेलचा रंग बदलला की ते गरम करून वाळवून पुन्हा डब्यात ठेवावे.